विद्यापीठ–उद्योग तंत्रज्ञान हस्तांतरण

विद्यापीठातील संशोधनातून हाती आलेली प्रक्रिया, पदार्थ, उपकरण किंवा नुसते कसब उद्योगाच्या वापरात जाणे, यास तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. पेटंटचा परवाना, कंपनीने प्रायोजित केलेले संशोधन आणि प्राध्यापकांची सल्लागारी हे त्याचे परिचित मार्ग होत. शिकून तयार झालेला विद्यार्थी कारखान्यात लागला की त्याच्याबरोबरही तंत्रज्ञान जाते. या शेवटच्या मार्गाची नोंद कोणत्याही करारात होत नसल्याने त्याचे महत्त्व कमी धरले जाते, ते योग्य नाही.

उगम : या व्यवहाराचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. पुष्कळदा तो अमेरिकेतील बे–डोल कायद्यापासून (१२ डिसेंबर १९८०) धरतात. सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी ठेवण्याची मुभा या कायद्याने विद्यापीठांना दिली. त्याच महिन्यात अमेरिकी शास्त्रज्ञ कोहेन व बोयर यांच्या जनुक-जोडणी तंत्राचे पहिले पेटंट मंजूर झाले व पुढे त्यातून सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळाले. त्यामुळे या दोन घटनांची सांगड घातली जाते. परंतु त्या पेटंटचा अर्ज १९७४ मधील आहे आणि ते पेटंट सांभाळणारे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे परवाना कार्यालय १९७० पासूनचे. त्याही आधी, १९२५ मध्ये, स्टीनबॉक यांच्या ड-जीवनसत्त्वविषयक पेटंटांसाठी विस्कॉन्सिन येथे स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले होते. कायद्याने चालू प्रथेला वेग दिला, एवढेच म्हणता येईल.

दुसरे मत जर्मन रंगद्रव्य उद्योगाकडे बोट दाखवते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. ग्रेबे व लीबरमान यांनी १८६८ च्या सुमारास बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर यांच्या प्रयोगशाळेत ॲलिझरीन हे तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने बनवले. बीएएसएफ कंपनीचे कारो यांच्यासह त्यांनी १८६९ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांच्या त्याच रंगद्रव्याविषयीच्या अर्जाच्या एकच दिवस आधी. निळीची कथा याहून बोधक आहे. बायर यांनी १८८० मध्ये कृत्रिम निळीचे पेटंट घेतले व त्याचे हक्क कंपन्यांनी विकत घेतले, पण ती प्रक्रिया कारखान्यात परवडेना. झुरिकचे हॉयमान यांनी १८९० मध्ये वेगळी वाट दाखवली. तीत डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थालीनचे ऑक्सिडीकरण करायचे होते आणि ते फार मंद होई. तापमापी फुटून पारा भांड्यात सांडला आणि विक्रियेला अचानक गती आली, असे सांगतात. पारा उत्प्रेरक ठरला व १८९७ मध्ये माल बाजारात आला. प्रयोगशाळेतील शोध आणि विकाऊ माल यांत सतरा वर्षे गेली; त्या काळातले बहुतेक काम कारखान्यातच झाले. बिहारमधील नैसर्गिक निळीचा व्यापार यानंतर झपाट्याने घसरला.

भारत : मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (यूडीसीटी, आताची रसायन तंत्रज्ञान संस्था, माटुंगा) १९३३ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना रंगाई-छपाईची जाण असलेली माणसे हवी होती, म्हणून कापड रसायनशास्त्राला आरंभापासून स्थान मिळाले. १९३८ पासून प्रमुख असलेले के. वेंकटरामन स्वतः रंगद्रव्यांचे अभ्यासक होते. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे म. म. शर्मा यांनी रासायनिक अभियांत्रिकीचे अध्यापन आणि कारखान्यांची सल्लागारी यांची जोड कायम ठेवली. वायू व द्रव यांतील विक्रियेचा वेग चंचुपात्रात एक असतो आणि मोठ्या पात्रात ढवळणी व उष्णता-निचरा बदलला की दुसराच. ही अडचण घेऊन उद्योजक माटुंग्याला येत. केकी घरडा व अंजी रेड्डी हे यूडीसीटीचे विद्यार्थी पुढे स्वतःच कारखानदार झाले. येथील हस्तांतरण मुख्यतः माणसांच्या रूपाने झाले, असे म्हणण्यास आधार आहे.

शासकीय पातळीवर परवाने देण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ १९५३ पासून आहे. बे–डोलच्या धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ते २०१४ मध्ये मागे घेण्यात आले.

अलीकडील उदाहरण शेतातील काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवण्याचे. माटुंग्याच्या ऊर्जा जैवविज्ञान केंद्राने विकसित केलेल्या तंत्रावर दिवसाला १० टन कच्चा माल हाताळणारे प्रात्यक्षिक संयंत्र २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे उभे राहिले.