ओळंबा, पाण्याची नळी आणि स्पर्धेची गाडी

रबाळे एमआयडीसीतला अर्धा गाळा, नाहीतर वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या वर्कशॉपचा मागचा कोपरा. तिथे स्वस्तात मिळालेली जुनी मारुती ८०० आतून मोकळी करून, रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) वेल्ड करून उभी असते. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मैदानात आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी होणाऱ्या शर्यतीच्या, बऱ्याच हौशी गाड्यांचा जन्म असाच होतो. इंजिनाबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत असतं. सस्पेन्शनची वेळ आली की मात्र चहाच्या टपरीपासून गॅरेजपर्यंत सगळीकडून एकच सल्ला येतो: "स्प्रिंगा काप, गाडी खाली बसव, शॉकअप कडक टाक. वळणावर चिकटून जाईल."

सल्ला अगदीच खोटा नाही. पण त्यात कुठेही आकडा नाही, आणि सस्पेन्शनमध्ये आकड्याशिवाय केलेला बदल म्हणजे नुसता खर्च.

कापण्यापासूनच बघू. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १० मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटरची तार घेतली, तर बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के कडक होते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही स्प्रिंगा सारख्याच दिसतात, म्हणून भंगारवाल्याकडे जाताना खिशात व्हर्निअर हवा. वेढ्यांचा हिशेब त्यामानाने सोपा. काम करणाऱ्या सहा वेढ्यांपैकी एक ग्राइंडरने उडवला, तर स्प्रिंग २० टक्के कडक होते. पण त्याबरोबर तिचं सीटमध्ये (स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या वाटीत) नीट बसणारं टोकही जातं, आणि चाक हवेत लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडून जागेवरून निसटू शकते. गॅसच्या ज्योतीवर तापवून 'बसवलेली' स्प्रिंग तर वापरूच नये. पोलादाचं टेम्परिंग गेलेलं असतं, ती पुढे बसतच राहते.

मग किती कडक हवी? इथे एक फार सोयीचं सूत्र आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी किती सेंटिमीटर दबते ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर येतं ते गाडीची स्वतःची लय, म्हणजे सेकंदाला किती वेळा ती वरखाली होऊ पाहते तो आकडा. १६ सेंटिमीटर दबली तर सेकंदाला सव्वा वेळा, ९ सेंटिमीटर दबली तर पावणेदोनच्या जरा खाली, ४ सेंटिमीटर दबली तर अडीच वेळा. रोजच्या वापराच्या गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या वेळा) घरात असतात. पंखांवरच्या हवेच्या दाबाने जमिनीकडे रेटली न जाणारी स्पर्धेची गाडी १.५ ते २.५ च्या आसपास ठेवतात. लय दीडपट करायची तर कडकपणा सव्वादोनपट करावा लागतो. एक वेढा कापून मिळालेल्या २० टक्क्यांनी लय जेमतेम १० टक्के बदलते. गाडी फक्त खाली बसलेली दिसते.

या लयीचा पद्धतशीर अभ्यास १९३० च्या दशकात मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने केला. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या ऑलीने पुढे-मागे वजनं टांगून जागा बदलता येतील अशी एक चाचणीची गाडीच बनवून घेतली होती. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मागच्यांना नंतर. मागची लय थोडी जलद ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी डुलत नाही, हा त्याचा निष्कर्ष आजही प्रवासी गाड्यांत पाळला जातो.

स्प्रिंग बदलली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर नवा घोटाळा होतो. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा तेलातून उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकणं हे शॉकअपचं काम. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर तेवढंच नियंत्रण राखायला शॉकअप सुमारे १.४ पट जड लागतो. म्हणजे नुसत्या स्प्रिंगा कडक केलेली गाडी प्रत्यक्षात कमी आवरलेली असते. ती चिकटण्याऐवजी टपाटप उड्या मारते. उलट शॉकअप बेसुमार कडक केला, तर खडबडीत जागी चाक खाली यायलाच वेळ घेतं आणि तेवढा वेळ टायर अधांतरी राहतो. एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील, तर मी चांगल्या शॉकअपवर घालीन.

आता खाली बसवण्याचं. मारुती ८०० ला पुढे मॅकफरसन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. अर्ल मॅकफरसन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सलवर आली आणि पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. जागा कमी लागते, भाग थोडे, स्वस्त. पण तिची एक खोड आहे. वळणावर गाडीची बॉडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. तो कुठे असेल हे लोअर आर्मच्या (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) उतारावर आणि स्ट्रटच्या कोनावर ठरतं. गाडी ४ सेंटिमीटर खाली आणली की गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर खाली येतो, पण लोअर आर्म उलटा कलल्यामुळे रोल सेंटर त्याहून बराच जास्त घसरतो, कधी दुप्पटही. दोघांमधलं अंतर वाढलं की कलवणारी तरफ लांब झाली. त्याच स्प्रिंगांवर, खाली बसवलेली गाडी पहिल्यापेक्षा जास्त कलू शकते!

उपाय म्हणजे बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोलाकार सांधा) आणि नकल (चाक धरणारा भाग) यांच्यामध्ये मशीन केलेला स्पेसर घालून आर्म पुन्हा आडवा आणणं. स्पर्धेचे नियम परवानगी देत असतील तरच. तेव्हा टाय रॉडचं (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोकही तेवढंच खाली घ्यावं लागतं, नाहीतर आर्म एका वर्तुळात फिरतो, टाय रॉड दुसऱ्या, आणि प्रत्येक उंचवट्यावर चाक आपणहून वळतं. तपासायला स्प्रिंग काढून आर्मखाली जॅक लावायचा, हबवर सरळ फळी घट्ट बांधायची आणि एकेक सेंटिमीटर उचलत फळीच्या दोन्ही टोकांचं शेजारी ताणलेल्या दोरीपासूनचं अंतर मोजायचं. संध्याकाळ जाते, पैसा एकही जात नाही.

सगळ्यात न पटणारी गोष्ट पुढेच आहे. कडक स्प्रिंगांमुळे वळणावर वजन कमी सरकतं, अशी पक्की समजूत असते. तसं होत नाही. रस्त्याची पकड टायरच्या तळाशी काम करते आणि गाडीचं वस्तुमान त्याच्या अर्धा मीटर वर असतं, म्हणून आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्यांवर जातं. किती, ते फक्त वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधली रुंदी यांवर ठरतं. चालकासह ७२० किलोची गाडी, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराचं वळण, अर्धा मीटर उंची, १.२ मीटर रुंदी घ्या: ७२० × ०.८ × ०.५ ÷ १.२, म्हणजे २४० किलो. एकूण वजनाचा तिसरा हिस्सा. या हिशेबात स्प्रिंग कुठेच नाही. कडकपणाने बॉडी कमी कलते आणि चाकांचे कोन कमी बिघडतात, हा फायदा खरा. पण ते २४० किलो सरकतातच.

स्प्रिंगांच्या आणि अँटी-रोल बारच्या (डावं-उजवं चाक जोडून बॉडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) हातात उरते ती वाटणी: या २४० पैकी पुढच्या जोडीने किती घ्यायचे आणि मागच्या जोडीने किती. वाटणी महत्त्वाची, कारण टायरवरचं वजन दुप्पट केलं तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. समजा दोन्ही टायरांवर १८० किलो आहेत आणि दोघांची मिळून पकड ३६० किलोइतकी आहे. तेच वजन ६० आणि ३०० असं विभागलं, तर बेरीज ३३० च्या आसपास येईल. ज्या जोडीत विषमता जास्त, ती जोडी आधी घसरते.

मारुती ८०० चं इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढचीच, वळवणारीही तीच. त्या बिचाऱ्यांवर आधीच सगळा भार आहे. म्हणून अशा गाडीत मागची बाजू कडक करतात, म्हणजे सरकणाऱ्या वजनाचा मोठा वाटा मागची जोडी घेते आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीला धरून राहतात. स्पर्धेतल्या छोट्या हॅचबॅक वळणावर मागचं आतलं चाक चक्क हवेत उचलून धावताना दिसतात, ते यामुळेच. बघणाऱ्याला वाटतं गाडी उलटतेय. पण बऱ्याचदा ती तशीच जमवलेली असते.

इथवरचे आकडे गाडीत उतरवायचे तर मोजणी लागते, आणि त्यासाठी महागडी यंत्रं नसली तरी चालतं. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याची अवजारं पुरतात. गाळ्याची कोबा केलेली जमीन कधीच सपाट नसते. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांच्या जागा एका पातळीत आहेत का ते बघायचं, नसतील तिथे पत्र्याचे तुकडे सारायचे. मग चाकांची वजनं. घरचा वजनकाटा १५० किलोपर्यंतच जातो, आणि पुढच्या चाकावर दोनशेच्या आसपास भार असतो. जाड फळीचं एक टोक पाइपावर, दुसरं काट्यावर, आणि चाक बरोबर मध्ये ठेवलं की काट्यावर निम्मं वजन येतं. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायचं आणि चारही चाकं एकाच उंचीवर ठेवायची. चालकाच्या जागी ५० किलोची सिमेंटची गोणी आणि वर थोडी वाळू. अँटी-रोल बार सोडवलेला, चारही टायरांत ठरलेली हवा.

समजा आकडे आले: पुढे उजवं २४५, डावं १८५; मागे उजवं १३०, डावं १६०. पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरक्या जोडीवर ४०५, दुसऱ्या तिरक्या जोडीवर ३१५. ही गाडी डावीकडे वळताना पुढून सरळ पळेल आणि उजवीकडे वळताना मागून सुटेल, आणि चालक बिचारा स्वतःला दोष देत बसेल. हा प्रकार डुगडुगणाऱ्या चौरंगाचा आहे: एक पाय उंच झाला की तो आणि त्याच्या समोरचा तिरका पाय भार घेतात, उरलेले दोन रिकामे. पुढच्या उजव्या स्प्रिंगचं सीट थोडं खाली फिरवलं की या जोडीचा जादा भार दुसऱ्या तिरक्या जोडीकडे जातो. तिरक्या बेरजा ३६०–३६० च्या जवळ आणायच्या. मात्र सीट फिरवून पुढचं वजन मागे किंवा उजवीकडचं डावीकडे जात नाही, त्यासाठी वस्तूच हलवावी लागते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून बॅटरी मागे डावीकडे नेतात.

ओळंब्याचा उपयोग कॅम्बरसाठी, म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते बघायला. चाकाला लागून दोरी सोडायची आणि रिमची वरची व खालची कड दोरीपासून किती लांब आहे ते मोजायचं. १२ इंची रिमवर ५.३ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. टो-साठी, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळलीय की बाहेर ते बघायला, गाडीच्या दोन्ही अंगांना मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणायच्या. चाकांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे हवेत, नाहीतर टायर जमिनीला धरून बसतो आणि माप खोटं येतं.

बुशांबद्दल (सांध्यांत बसणाऱ्या नळकांड्यांबद्दल) थोडक्यात: पुढच्या लोअर आर्मचे रबरी बुश कडक करणं फायद्याचं, ब्रेक मारताना चाक जागचं हलत नाही. मागे मात्र सावध. तिथे अखंड अ‍ॅक्सल आहे आणि गाडी कलताना त्याच्या लिंकच्या बुशांना पिळावंच लागतं. लेथवर टर्न केलेले नायलॉनचे टणक बुश तिथे घातले, तर ते पिळत नाहीत, अडकतात, आणि न मोजलेल्या अँटी-रोल बारसारखे वागतात.

आणि हे सगळं डांबरासाठी झालं. मातीवर, त्यातून पावसाळी चिखलात, पकडच कमी असल्याने वजनही कमी सरकतं. तिथे मऊ स्प्रिंगा आणि चाकाला जास्त चाल (वरखाली हलायला जागा) हीच बरी.

तयार गाडी पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरला 'एक चक्कर' मारून बघायचा मोह आवरावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आडवं येतं आणि रस्त्यावरच्या शर्यतीसाठी कलम १८९ आहे. गाडी ट्रेलरवरूनच मैदानात न्यायची. तिथे शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बसवला, तर फेरीनंतर तो कुठे सरकलाय यावरून चाकाने किती चाल वापरली ते कळतं; तळाशी ठोकर बसत असेल तर स्प्रिंगचे सगळे हिशेब तिथेच संपतात. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग बाजूच्या भिंतीला मिळतो तिथे, खडूची आडवी रेघ ओढायची. ती बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्यावरही पुसली गेली नाही तर जास्त. हवा मोजायची ती फेरी संपल्याबरोबर, कारण टायर तापला की दर १० अंशांना दाब साधारण दीड पीएसआय चढतो, आणि सकाळी थंड टायरात भरलेली ३० ची हवा दुपारी सहज ३४ वर गेलेली असते. गेज मात्र स्वतःचं आणि एकच ठेवावं. दोन पेट्रोल पंपांवरच्या गेजांचं आपसात क्वचितच पटतं.