नानांची तसबीर: वेल्सच्या कुंचल्यापासून चित्रशाळेच्या छापापर्यंत

नाना फडणीस म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. उभट, कृश, लांब नाकाचा, बोलण्यापेक्षा ऐकण्याकडे कल असलेला. शाळेच्या पुस्तकात तोच, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर तोच, मेणवलीचा वाडा पाहून आलेल्या मित्राने पाठवलेल्या फोटोखालीही तोच. पण तो ज्या चित्रातून आला ते मूळ चित्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलं आहे. ते लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आपल्या हाती आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला.

याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्ञानेश्वरी आपण ज्ञानदेवांच्या हातची वाचत नाही, नकलांवरूनच वाचतो. जुनी पोथी वाचणारा अभ्यासक आधी विचारतो, ही प्रत कोणी उतरवली, कशावरून, आणि उतरवताना काय गाळलं, काय घातलं? तसबिरींनाही असेच पाठभेद असतात. ते ओळखता आले तर घरच्या भिंतीवरचं फिकट चित्रसुद्धा पुष्कळ काही सांगतं. नानांच्या चेहऱ्याचा प्रवास त्यासाठी फार चांगला, कारण त्यातल्या बहुतेक पायऱ्या आपल्याला माहीत आहेत.

पेशव्यांच्या पुण्यात चित्रकला नव्हती असं अजिबात नाही. वाड्यांच्या भिंती रंगवायला चितारी होते, जयपूरहून आलेल्या भोजराजाचं नाव शनिवारवाड्याच्या संदर्भात येतं, पोथ्यांमधली चित्रं होती, तसबिरी होत्या. पण त्या तसबिरींची रीत वेगळी होती. चेहरा बहुधा एका बाजूने, एकच डोळा दिसेल असा. अंगावर सावली जवळजवळ नाहीच. माणूस कोण हे कळायचं ते पागोट्याच्या घाटावरून, शिरपेचावरून, हातातल्या फुलावरून किंवा तलवारीवरून. चितारी माणसाचा दर्जा आणि त्याची ठेवण काढत असे. त्या घटकेला त्याच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

जेम्स वेल्स आला तो नेमकं हे उजेडाचं शास्त्र घेऊन. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा हा चित्रकार, जन्म १७४७ चा. १७९१ मध्ये तो मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. इंग्रजांचा पुण्यातला वकील, म्हणजे रेसिडेंट, तेव्हा चार्ल्स मॅलेट होता आणि संगमावर त्याचं बिऱ्हाड होतं. मॅलेटला चित्रांची, लेण्यांची, जनावरांची सगळ्याचीच आवड. त्याच्यामुळे वेल्सला दरबारात वाट मिळाली आणि १७९२ मध्ये त्याने ते तैलचित्र काढलं: सवाई माधवराव, शेजारी नाना फडणीस, मागे सेवक. पेशवे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते, नाना पन्नाशीचे. एका चौकटीत दोन वयं, आणि राज्य कोण चालवतो हे चौकटीतल्या कोणालाही वेगळं सांगायची गरज नाही. महादजी शिंदे त्याच सुमारास उत्तरेतून पुण्यात आले होते. त्यांचीही तसबीर वेल्सने काढली.

नानांनी स्वतः त्या चित्राकडे पाहून काय म्हटलं असेल हा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. आयुष्यभर अक्षर आणि आकडे नीट लावणारा हा माणूस. त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या गालावरची सावली रंगात पाहिली असेल.

याच काळातलं आणखी एक नाव आपण विसरता कामा नये. गंगाराम चिंतामण तांबट. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेचं शिक्षण देण्याची सोय झाली होती, तिथे तयार झालेल्यांपैकी हा सर्वांत गुणी. वेल्स पुण्यात पोचण्याआधीच, १७९० मध्ये, त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलेलं आहे. पुढे तो वेल्सबरोबर काम करू लागला, वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत, वेल्सचे कागदही तिथेच. आपल्या पुण्याचा चितारी पाहायला आपल्याला येलचं संकेतस्थळ उघडावं लागतं. पण ते उघडलं की गेंड्याच्या कातडीवरची एकेक घडी जवळ आणून पाहता येते, आणि कुठे मोजमाप घेऊन रेघ ओढली आणि कुठे हात जुन्या सवयीने वळला हे स्पष्ट दिसतं.

१७९५ हे वर्ष या कथेत एकदम अंधार करून जातं. २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव गेले, वाड्यावरून पडून झालेल्या जखमांनी, एकविसाव्या वर्षी. लगेच पुढच्या महिन्यात ठाण्याला वेल्स गेला. लेण्यांची चित्रं काढता काढता तो तापाने आजारी पडला होता. चित्र ज्याचं होतं तो आणि ज्याने काढलं तो, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने संपले. मागे राहिली ती वेल्सची कच्ची रेखाटनं.

इथून पुढे नकलेची गोष्ट सुरू होते, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे इंग्रज चित्रकार टॉमस डॅनिएलचं दरबाराचं चित्र. मॅलेट विलायतेला परतला, वेल्सच्या मुलीशी, सुसानाशी, त्याने १७९९ मध्ये लग्न केलं आणि सासऱ्याची रेखाटनं त्याच्याकडे आली. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे यांचा १७९० मध्ये तह झाला, तो दरबार आपल्या पराक्रमाची खूण म्हणून भव्य चित्रात उतरावा अशी त्याची इच्छा. डॅनिएलने ते १८०५ मध्ये पूर्ण केलं. ते आता लंडनच्या टेट संग्रहात आहे.

आता जरा थांबून हिशोब मांडा. दरबार १७९० चा. वेल्स मुंबईत आला १७९१ मध्ये, म्हणजे त्याने तो दरबार पाहिलाच नाही. त्याची रेखाटनं नंतरच्या चार वर्षांतली, पण ती समोरच्या जिवंत माणसांवरून काढलेली. डॅनिएल हिंदुस्थानात हिंडलेला, १७९३ मध्ये मुंबईत वेल्सला भेटलेला, पण हे चित्र त्याने लंडनमध्ये, वेल्स गेल्यावर दहा वर्षांनी रंगवलं. तेव्हा त्या चित्रातला प्रत्येक चेहरा खरा असू शकतो, पण ती घटका कोणीही डोळ्यांनी पाहून काढलेली नाही. चित्राचा मालकही तटस्थ नव्हता. तो स्वतः त्यात बसलेला आहे. इतकं सगळं लक्षात ठेवून पाहिलं तरी ते चित्र आपल्यासाठी अनमोलच आहे. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल १८२८ च्या आगीत गेला. आज जोत्यावर उभं राहिलं की पायाखाली फक्त दगड आहेत. त्या दालनात माणसं कशी बसत, गादी कुठे, कोण किती अंतरावर, हे डोळ्यांनी पाहायचं तर याच चित्राकडे यावं लागतं.

डॅनिएलच्या चित्रावरून चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये छापा काढला, मेझोटिंट पद्धतीचा. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तांब्याचा पत्रा आधी सगळाच खरबरीत करायचा. तसाच शाई लावून छापला तर मखमलीसारखा गडद काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे तो घासून घासून गुळगुळीत करायचा. चित्र अंधारातून उजेडाकडे येतं. त्यामुळे चेहऱ्यांची गोलाई फार सुंदर साधते, पण रंग जातात. पत्रा मऊ असतो, छापे काढता काढता झिजतो. पहिल्या काही प्रतींत जो काळा खोल दिसतो तो पुढच्या प्रतींत करडा होतो. एकाच छाप्याच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर माणसांची वयंसुद्धा वेगळी वाटू लागतात.

शिवाय पत्र्यावर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे येतं. कसबी कारागीर आधीच उलटं कोरतो, म्हणजे छापा सुलट पडतो. घाईतला नकलाकार तसंच कोरतो, आणि तलवार उजव्या बगलेला जाते. हे पकडायची एक जुनी खूण आहे. मुघली आणि दख्खनी तसबिरींत जाम्याचा, म्हणजे लांब अंगरख्याचा, बंद पाहावा. साधारण रिवाज असा की हिंदू तो स्वतःच्या डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या. मराठा सरदाराच्या चित्रात बंद त्याच्या उजवीकडे दिसला तर आधी चित्र उलटं छापलंय का ही शंका घ्यावी. हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत तर हे रोजचं झालं आहे.

घरोघरी चेहरे पोचवण्याचं काम मात्र तांब्याने केलं नाही, दगडाने केलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. वासुकाका जोशी तिचे आधारस्तंभ. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्रावरून, रंगीत चित्रं छापून सामान्य माणसाला परवडतील अशी विकायची, हा उद्देश. रामपंचायतनासारखी देवादिकांची चित्रं तर होतीच, पण त्यांच्याच शेजारी पेशवे आणि नाना फडणीस आले. हे मला त्या काळातलं फार मोठं काम वाटतं. पेशवाई बुडून साठ वर्षं झाली होती, आणि मराठी माणसाला त्याच्या इतिहासातल्या माणसांचे चेहरे पहिल्यांदाच विकत घेऊन घरी नेता येत होते. देव्हाऱ्याशेजारी नाना टांगले जात होते! रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला तो १८९४ मध्ये, त्यानंतर सोळा वर्षांनी.

पण दगडाचं तंत्र चेहऱ्याला स्वतःचं वळण देतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गुलाबी एक, पिवळा एक, निळा एक, शेवटी गडद रेघांचा. वेल्सच्या रंगातली गालावरची सावली ठिपक्याठिपक्यांनी उभी करावी लागते, आणि ठिपके घालणारा कारागीर देवांचे चेहरे काढून हात तयार झालेला. साहजिकच गाल जरा भरतात, डोळे मोठे होतात, कातडी उजळते. वेल्सचा थकलेला मुत्सद्दी आता पूज्य पूर्वज दिसू लागतो. ही चूक म्हणायची का? मी म्हणणार नाही. १८८० च्या पुण्याला नाना कसे हवे होते, हे त्यातून कळतं.

पुढे फोटोवरून ब्लॉक, म्हणजे ठिपक्यांचा छापायचा ठसा, करायची सोय आली आणि इतिहासाच्या मासिकांत जुन्या तसबिरी छापल्या जाऊ लागल्या. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘इतिहाससंग्रहा’ने आणि त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहाने या बाबतीत फार केलं. ब्लॉकमध्ये कारागिराचा हात मध्ये येत नाही, पण चित्र तळहाताएवढं होतं आणि बारकावा ठिपक्यांत विरघळतो.

नकला तपासणं किती गरजेचं आहे याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण शिवाजी महाराजांचं. कित्येक वर्षं दुसऱ्याच एका मुसलमान सरदाराची तसबीर महाराजांची म्हणून छापली जात होती. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डचांशी संबंधित कागद आणि चित्र यांच्या आधारे खरा चेहरा लोकांसमोर ठेवला. समकालीन किंवा जवळच्या काळातली दख्खनी चित्रं आज ॲमस्टरडॅम, लंडन, पॅरिस इथल्या संग्रहांत आहेत आणि संगणकावर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. ती पाहताना नाकाची धार आणि दाढीची ठेवण चित्रागणिक कशी पुन्हा येते याकडे लक्ष द्यावं.

घरी बसून पाहणाऱ्यासाठी एक साधं भिंग पुरतं. कागदावर सारख्या अंतरावरचे, नक्षीत बसवल्यासारखे ठिपके दिसले तर ते ब्लॉक किंवा ऑफसेट. ठिपके विस्कळीत, हाताने घातलेले, वेगवेगळ्या जाडीचे असतील तर शिळाछाप. पडद्यावर पाहत असाल तर संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावरची प्रत घ्या, तिथे मापं दिलेली असतात. भिंतभर चित्र आणि वितीएवढं चित्र पडद्यावर सारखंच दिसतं, आणि त्यात फार मोठी फसगत होते. चारही कडा दिसताहेत ना, हेही पाहा. नानांचा नुसता चेहरा कापून घेतला की शेजारचा अठरा वर्षांचा पेशवा नाहीसा होतो, आणि नाना कुणाशेजारी बसले होते तेच कळत नाही.

माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला नानांचा एक शिळाछाप आहे. कडा वाळवीने खाल्लेल्या, पिवळा पार उडालेला. भिंगाखाली शालीचा काठ पाहिला तर लाल रंग रेघेच्या बाहेर केसभर सरकलेला दिसतो. लाल दगड लावताना कागद तेवढाच हलला असणार. पागोट्याच्या कडेलाही तेवढंच लाल बाहेर आलंय, आणि नानांच्या खालच्या ओठावरही.