स्थिरचित्र (समोर बघून काढायचं)

कप, बाटली, फळं, पुस्तकं, चुरगळलेलं कापड अशा वस्तू टेबलावर मांडायच्या आणि बघत बघत कागदावर उतरवायच्या, याला स्थिरचित्र किंवा वस्तुचित्र म्हणतात, बोलताना सरळ स्टिल लाइफ. फोटोवरूनही काढता येतं, पण शिकायचं असेल तर वस्तू समोरच हवी, कारण लांबी-रुंदीसोबत खोलीही (डेप्थ) असलेली गोष्ट सपाट कागदावर कशी आणायची हा यातला मुख्य प्रश्न आणि फोटोत तो कॅमेऱ्याने आधीच सोडवून टाकलेला असतो.

नवशिक्याला वाटतं आपला हात चांगला नाही. माझ्या मते नव्वद टक्के वेळा हात ठीकच असतो, डोळा मात्र समोरचं न बघता डोक्यातलं बघत असतो. साधा कप घ्या. कपाचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं म्हणून आपण ते प्रमाणाबाहेर गोल काढतो, कप टेबलावर सपाट बसतो हेही माहीत असतं म्हणून तळाला पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढतो, आणि मग तो कप कुठेच बसलेला वाटत नाही. थोडं वरून बघितलं की तोंड चपटं लंबवर्तुळ दिसतं, आणि तळ नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असल्याने त्याचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त फुगीर असतं, म्हणजे तळाची रेघ तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळते. कप हळूहळू वर उचलत डोळ्यासमोर आणा, तोंड चपटं होत होत शेवटी एक आडवी रेघ उरते. हे एकदा स्वतः करून बघितलं की कायमचं लक्षात राहतं. लंबवर्तुळाची दोन टोकं टोकदार नसतात, तिथेही रेघ वळूनच येते, ही चूक तर जवळजवळ सगळेच करतात.

प्रमाण मोजायला पेन्सिल पुरते. हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीचं टोक बाटलीच्या वरच्या कडेला आणि अंगठा खालच्या कडेला, मग तेवढंच माप आडवं धरून बघायचं की बाटलीची उंची पूर्ण मांडणीच्या रुंदीत किती वेळा बसते. कोपर जरा वाकलं की माप बदललं, म्हणून हात ताठच. दुसरी युक्ती मोकळ्या जागांची: कपाचा कान काढायचा नाही, कान आणि कप यांच्या मधे जी पोकळी दिसते तिचा आकार काढायचा. त्या पोकळीला नाव नसतं, तिच्याबद्दल डोक्यात आधीचं काही ठरलेलं नसतं, त्यामुळे ती जशी आहे तशी उतरते आणि कान आपोआप बरोबर येतो.

छायाप्रकाशासाठी एकाच बाजूने येणारा उजेड सगळ्यात सोपा. डोळे बारीक केले की बारकावे पुसले जातात आणि फक्त गडद-फिकट पट्टे राहतात, शेडिंग तिथून सुरू करायचं. पांढऱ्या कपाची सावलीतली बाजू उजेडातल्या करड्या कापडापेक्षा गडद असू शकते, आणि ती तशी काढायला मन धजत नाही कारण कप पांढरा आहे हे माहीत असतं, म्हणजे परत तेच. पडछाया वस्तू जिथे टेकते तिथे सगळ्यात गडद आणि लांब जाईल तशी कडा मऊ. टेबलावर आपटून वस्तूच्या सावलीतल्या बाजूवर उलट येणारा उजेड सावलीच्या भागातलाच आहे हे विसरून लोक तो फार पांढरा ठेवतात. साहित्य म्हणाल तर एचबी, २बी आणि ६बी पेन्सिल (या क्रमाने जास्त मऊ आणि गडद) आणि एक खोडरबर, बस.

फ्रान्सच्या कला अकादमीत १६६७ साली कलेवर लिहिणाऱ्या फेलिबियाँने चित्रप्रकारांची उतरंड लावली त्यात निर्जीव वस्तूंची चित्रं तळाला टाकली, इतिहास आणि धर्मकथांची वर. तरीही १७२८ मधे शार्दँला याच अकादमीने सदस्य करून घेतलं ते प्राणी आणि फळांचा चित्रकार म्हणून. पुढे फ्रेंच चित्रकार सेझानने सफरचंदांवर इतका वेळ घालवला की, असं सांगतात, फळं सडायची आणि फुलं कोमेजायची, म्हणून तो कागदी फुलं मांडायचा. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांडी (१८९०–१९६४) तर कित्येक दशकं त्याच बाटल्या, डबे आणि सुरया जरा जरा सरकवून काढत राहिला.

शिकताना मांडणी दोन-तीन दिवस तशीच ठेवावी लागते आणि घरात कोणीतरी कप उचलतंच, म्हणून मोरांडीसारखं टेबलावर कागद पसरून प्रत्येक वस्तूच्या तळाभोवती पेन्सिलने खूण करून ठेवावी. खुर्चीच्या पायांभोवतीही खडूने रेघ मारावी, कारण आपण वीतभर सरकून बसलो तरी सगळी लंबवर्तुळं आणि मधल्या पोकळ्या बदलतात.