विशेष शिक्षकाची पदविका हातात असूनही अर्ज बाद का होतो?

दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेच्या एखाद्या भरतीची अपात्र उमेदवारांची यादी उघडून पाहा. शेऱ्याच्या रकान्यात ‘शैक्षणिक अर्हता नाही’ हे क्वचितच दिसते. दिसतात ते शेरे असे: आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी नाही, नोंदणी मुदतबाह्य, दिव्यांगत्वाचा प्रवर्ग जुळत नाही, नावात तफावत. म्हणजे शिकलेली, मुलांमध्ये मन लावून काम करू शकणारी माणसे कागदावर अडतात. बहुतेकांना हे टाळता आले असते, म्हणून इथे नेहमीचे टप्पे थोडक्यात सांगून जिथे अर्ज अडतो त्या जागांवर जास्त लिहिले आहे.

सगळ्यात आधी पाया. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२ चा आहे. त्यानुसार दिव्यांगांसाठीच्या व्यावसायिकांची एक केंद्रीय नोंदवही आहे. सगळे तिला सीआरआर म्हणतात. तुमचे नाव त्या नोंदवहीत नसेल, तर पदविका कितीही चांगल्या गुणांची असो, विशेष शिक्षक म्हणून काम करण्याचा कायदेशीर अधिकार तुम्हाला नाही. कलम १३ मध्ये नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्यामुळे ‘पास झालो, आता नोकरी लागली की नोंदणी करू’ हा क्रमच उलटा आहे. आधी नोंदणी, मग अर्ज.

प्रवेश घेतानाच बघायचे

डी.एड. विशेष शिक्षण ही दोन वर्षांची पदविका आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात. बी.एड. विशेष शिक्षणासाठी पदवी लागते आणि महाराष्ट्रात प्रवेश सीईटी कक्षाच्या बी.एड. (सर्वसाधारण व विशेष) परीक्षेतून होतो. इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय हवे असेल तर त्याच अर्जात ईएलसीटी (इंग्रजी भाषेची चाचणी) द्यायची आहे असे नमूद करावे लागते.

अडचण इथे आहे. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला, विशिष्ट कालावधीसाठी आणि ठरावीक विद्यार्थिसंख्येसाठी मिळते. एकाच संस्थेचा श्रवणदोषाचा अभ्यासक्रम मान्य असू शकतो आणि बौद्धिक अक्षमतेचा त्या वर्षी मान्य नसू शकतो. ‘आमची संस्था आरसीआय मान्यताप्राप्त आहे’ या वाक्यावर विसंबू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. त्यात आपला अभ्यासक्रम, आपले प्रवेशाचे वर्ष आणि प्रवेशक्षमता या तिन्ही गोष्टी पाहा. संस्थेकडून मान्यतापत्राची प्रत मागून घ्या आणि ती सनदेसारखी जपून ठेवा. पाच-सात वर्षांनी एखादी संस्था बंद पडते, कार्यालयाला कुलूप लागते आणि मग कोणी ते पत्र शोधून देत नाही.

तीन-सहा महिन्यांचे ‘रिमेडिअल टीचिंग’, ‘लर्निंग डिसॅबिलिटी’, ‘शॅडो टीचर’ असे अभ्यासक्रम पुण्यात भरपूर चालतात. त्यातून शिकायला मिळते, पण परिषदेची मान्यता नसेल तर त्यांच्यावर सीआरआर क्रमांक मिळत नाही. सदाशिव पेठेत किंवा बाणेरला कोणी पन्नास हजार रुपये मागून ‘सरकारी शाळेत लागाल’ म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी परिषदेच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव दाखवा म्हणावे.

नोंदणी: कुठे करायची आणि कुठे अडते

पुणेकरांचा एक गोंधळ नेहमीचा आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय चर्च पथावर आहे, राज्य परीक्षा परिषद लाल देवळासमोर आहे, म्हणून सीआरआरचे कामही इथेच कुठेतरी होत असेल असे वाटते आणि लोक आयुक्तालयाच्या खिडकीवर अर्ज घेऊन उभे राहतात. ती नोंदणी तिथे होत नाही. पुनर्वसन परिषद दिल्लीत, कुतुब इन्स्टिट्यूशनल एरियात आहे आणि अर्ज तिच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. तालुक्याच्या गावाहून एसटीने येऊन परत जाणाऱ्या उमेदवाराला निदान दारावरच्या फलकावर एवढे लिहून ठेवले तरी त्याचा एक दिवस वाचेल.

लागणारी कागदपत्रे साधी आहेत: जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, पदविका किंवा पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, सही. यातला ‘सर्व’ हा शब्द लोक वाचत नाहीत. एखाद्या विषयात राहिलात आणि पुढच्या वेळी सुटलात, तर नापास झालेल्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही जोडायची. ती लाजेने लपवली की बेरीज जुळत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला श्रेणीचे नियम छापलेले असतील तर दोन्ही बाजू स्कॅन करा. झेरॉक्सचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो चालत नाही. मूळ कागद सपाट ठेवून रंगीत स्कॅन करा.

विद्यापीठाच्या बी.एड.वाल्यांची दुसरी अडचण. पदवी प्रमाणपत्र निकालाबरोबर येत नाही. त्यासाठी पदवीप्रदान समारंभाचा वेगळा अर्ज भरावा लागतो आणि तो राहून गेला की पुढच्या समारंभाची वाट पाहावी लागते. तोपर्यंत तात्पुरते उत्तीर्ण प्रमाणपत्र काढून ठेवा.

नाव

सर्वाधिक अर्ज इथे अडतात आणि त्यातही विवाहित महिलांचे. उदाहरण म्हणून, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘जगताप स्वाती रमेश’ आहे. आधारवर ‘स्वाती अमोल शितोळे’. पदविकेची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, बँकखाते सासरच्या. चार कागदांवरची माणसे एकच आहेत हे तिला माहीत आहे, तपासणाऱ्याला नाही. पोर्टलच्या अर्जात नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्या जुन्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असते, त्यामुळे अनेकजणी आडनावच पहिल्या रकान्यात टाकून मोकळ्या होतात.

उपाय एकच आणि तो भरती निघण्याआधी करायचा. नोंदणी शिक्षणाच्या कागदांवरील नावाने करा. आधारवरचे नाव वेगळे असेल तर दोन्ही नावे जोडणारा पुरावा तयार ठेवा: महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीतून घेतलेले विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राज्य शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंद. लग्नपत्रिका हा पुरावा नाही. स्टॅम्पवरचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. ज्या कार्यालयात चालले त्याच्या भरवशावर दुसरीकडे जाऊ नका. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण छापून यायला वेळ लागतो आणि जाहिरातीची मुदत त्यासाठी थांबत नाही. ‘रमेश’ आणि ‘रमेशराव’, ‘शितोळे’चे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, एवढ्या फरकावरही त्रुटी निघते. हे अन्यायाचे आहे, पण सध्या तसेच चालते.

तारखा

जाहिरातीत ‘अर्हता अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकापर्यंत धारण केलेली असावी’ असे वाक्य असते. याचा अर्थ निकाल, उत्तीर्ण प्रमाणपत्र आणि सीआरआर क्रमांक त्या दिवसापर्यंत हातात हवेत. नोंदणीच्या अर्जाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. मुलाखतीच्या दिवशी दाखवू, असे म्हणून अर्ज केलेले उमेदवार कागद तपासणीत बाहेर पडतात, कारण प्रमाणपत्रावरची तारीख अंतिम दिनांकानंतरची असते.

दुसरी तारीख नूतनीकरणाची. नोंदणी पाच वर्षांसाठी असते आणि त्या काळात सीआरई (निरंतर पुनर्वसन शिक्षण) कार्यक्रमांचे १०० गुण जमवावे लागतात. लोक चार वर्षे स्वस्थ बसतात आणि पाचव्या वर्षी कार्यशाळा शोधत फिरतात. दर वर्षी २० गुण हा साधा हिशेब ठेवा. कार्यक्रम परिषदेच्या मान्यतेचा आहे ना, हे नाव नोंदवण्याआधी विचारा. मान्यता नसलेल्या उत्तम कार्यशाळेचे प्रमाणपत्र ज्ञानात भर घालते, गुणांत नाही. हजेरीच्या अर्जात आपला सीआरआर क्रमांक अचूक लिहा.

डी.एड.नंतर बी.एड. केलेले काहीजण नवी नोंदणी करायला जातात. तसे करू नका. तुमचा क्रमांक आहेच. त्यात अतिरिक्त अर्हतेची नोंद करून घेण्यासाठी वेगळा अर्ज आहे. ती नोंद केली नाही तर प्रमाणपत्रावर फक्त डी.एड. राहते आणि माध्यमिकच्या जागेला तुम्ही अपात्र ठरता.

कोणत्या जागेला काय लागते

विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नाहीत. त्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, जो राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र केला. सर्वसाधारण शाळांमधील दिव्यांग मुलांना शिकवणारे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक मात्र शालेय शिक्षण विभागाकडे येतात. दोन विभाग, दोन वेगळ्या जाहिराती, दोन वेगळ्या अटी. एका जाहिरातीचे नियम दुसरीला लावून पाहणे हे गोंधळाचे मोठे कारण आहे.

विशेष शाळेत प्रवर्ग पाहतात. कोरेगाव पार्कच्या अंधशाळेसारख्या ठिकाणी दृष्टिदोषाची अर्हता लागते, गोखलेनगरच्या कामायनीसारख्या ठिकाणी बौद्धिक अक्षमतेची. श्रवणदोषाची पदविका तिथे चालणार नाही, मग तुमचा अनुभव काहीही असो. बौद्धिक अक्षमतेच्या जुन्या प्रमाणपत्रांवर ‘एम.आर.’, नंतरच्यांवर ‘आय.डी.’, आताच्यांवर ‘आय.डी.डी.’ असे लिहिलेले असते. प्रवर्ग तोच, नाव बदलत गेले. तपासणाऱ्या लिपिकाला हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून नामबदलाचे परिषदेचे परिपत्रक छापून अर्जासोबत लावा.

समावेशित शिक्षणाच्या जागांकडे सध्या सगळ्यांचे लक्ष आहे आणि त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ ला प्राथमिकसाठी दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण धरले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे अधिसूचित करायला पुन्हा सांगितले. इतकी वर्षे कंत्राटावर मुलांना शिकवणाऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट शासनाला शोभणारी नाही.

पहिली ते आठवीच्या जागांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. दीडशे गुणांपैकी ९० लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. ‘आमचे डी.एड. विशेष आहे, आम्हाला टीईटी नाही’ असे कोणी सांगितले तर जाहिरात पुन्हा वाचा. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत आणखी एक अट आहे: विशेष डी.एड. किंवा बी.एड. असलेल्याने नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो.

कार्यशाळा आणि व्यवसाय शिक्षण

अठरा वर्षांवरील बौद्धिक अक्षम मुलांसाठी कार्यशाळा असतात. तिथे मेणबत्ती, फाइल, पाकिटे, शिवण, कागदी पिशव्या अशी कामे शिकवतात. शिकवणाऱ्याला त्या हातकामाचे प्रमाणपत्र आणि पुनर्वसन क्षेत्रातील अर्हता असे दोन्ही असणे सर्वांत भक्कम. परिषदेच्या मान्यतेचा व्यवसाय पुनर्वसनाचा पदविका अभ्यासक्रम याच कामासाठी आहे. फक्त आयटीआय केलेल्याला अर्ज करण्याआधी जाहिरातीतली अर्हतेची ओळ शब्दशः वाचायला हवी.

औंधसारख्या सर्वसाधारण आयटीआयमध्ये शिल्प निदेशक (हातकाम शिकवणारा शिक्षक) व्हायचे असेल तर मार्ग वेगळा. तिथे आरसीआयचा संबंध नाही. जाहिरातीत सीआयटीएस, म्हणजे निदेशक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितलेले असते. तो एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो. आयटीआयचे प्रमाणपत्र राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचे आहे की राज्य मंडळाचे, हे आधी पाहा. कोणते चालेल ते जाहिरातीत लिहिलेले असते.

बाकीचे कागद आणि एक इशारा

अधिवास प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन नमुना ‘अ’, चारित्र्य पडताळणी हे सगळे नेहमीचे आहे. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधताही लागते, आणि ती मिळायला महिने जातात. नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्चला संपते का ते बघा. एप्रिलमध्ये जाहिरात आली तर जुने प्रमाणपत्र निरुपयोगी.

अनुदानित विशेष शाळेत संस्था नेमणूक देते, पण पगार सुरू व्हायला वैयक्तिक मान्यता, म्हणजे त्या शिक्षकाच्या नेमणुकीला विभागाची मंजुरी लागते. पदभरतीला ना हरकत घेतली आहे का, पद मंजूर आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) आहे का, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा तक्ता) तपासलेली आहे का, हे संस्थेला लेखी विचारा. उत्तर टाळत असतील, ‘आधी रुजू व्हा, मान्यता येईल’ म्हणत असतील किंवा देणगी मागत असतील, तर तिथे पैसे अडकवू नका. मान्यता न मिळालेल्या शिक्षकाची मागची सेवा नंतर मोजून घेणे फार अवघड जाते. अनुभवाच्या दाखल्यावर शाळेचा मान्यता क्रमांक, पद, प्रवर्ग आणि रुजू झाल्याची तारीख असू द्या. नुसते ‘चांगले काम केले’ असे लिहिलेले पत्र तपासणीत धरत नाहीत.

अपात्र यादी लागली तरी हरकत नोंदवायला मुदत असते, बहुतेक वेळा मोजक्या दिवसांची. यादीतला शेरा जसाच्या तसा उतरवून घ्या, त्या एका मुद्द्याला उत्तर देणारा कागद लावा आणि अर्ज आवक क्रमांकासह पोच घेऊनच द्या. ई-मेल पाठवला असला तरी पोच घ्यायला प्रत्यक्ष जा.