खडी फोडण्यापासून श्रमदानापर्यंत

एप्रिल 2016 मध्ये सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव टिकाव-खोरी घेऊन शिवारात उतरलं. गावांनी श्रमदानातून पाणी अडवायचं-जिरवायचं, अशा पाणी फाउंडेशन या संस्थेच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेचे ते 45 दिवस होते. पहिला नंबर वेळूचा आला. पण त्या उन्हाळ्यात ज्यांनी अशा गावांतलं श्रमदान पाहिलं, त्यांच्या लक्षात बक्षिसापेक्षा माणसांचे चेहरे राहिले. मजुरी नाही, मुकादम नाही, डोक्यावर वैशाखाचं ऊन आणि तरी कामावर आनंद. हा आनंद समजून घ्यायचा तर साताऱ्या-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात थोडं मागे जावं लागतं.

महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पूर्वेला माण-आटपाडीकडे 500 गाठतानाही मारामार. 1972 च्या दुष्काळात या भागातली घरंच्या घरं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. मदत म्हणून मिळालेली सुकडी आणि मिलो ज्वारी यांवर ती पिढी जगली. काम मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची, 1977 साली तिचा कायदा झाला. त्या योजनेने माणसं तगवली, हे उपकार विसरता येणार नाहीत. मात्र पाझर तलाव कुठे हवा, नालाबांध कुठे घालावा, हे ठरवण्यात खडी फोडणाऱ्याला फारसा वाव नव्हता. हजेरीपट मिटला की त्या कामाशी त्याचं नातंही मिटायचं.

नातं जुळलं ते सागरेश्वरला. देवराष्ट्रे गावाजवळ प्राचीन शिवमंदिरांचा समूह आहे आणि त्याला लागून उघडेबोडके डोंगर होते. मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते यांनी या डोंगरांवर जंगल उभं करण्याचा ध्यास घेतला. बारमाही पाणी नाही, माती पातळ, गुरांची चराई आणि सरपणासाठी चालणारी कुऱ्हाड. अशा ठिकाणी झाड लावण्यापेक्षा ते राखणं कठीण. लोकांना समजावत, वनखात्याला सोबत घेत हे काम वर्षानुवर्षं चाललं. चितळ, सांबर, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले. 1985 मध्ये जेमतेम 11 चौरस किलोमीटरच्या या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. बहुतेक अभयारण्यं आधीपासून असलेल्या जंगलाला कुंपण घालून होतात. इथे आधी जंगलच नव्हतं, ते माणसांनी वाढवलं. मला या साऱ्या इतिहासात हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण सरकारी हुकूम किंवा पोटाची गरज यांपलीकडे, निव्वळ ओढीने डोंगर सांभाळता येतो हे इथे आधी दिसलं.

त्याच दशकात येरळेच्या काठी दुसरी गोष्ट घडत होती. 1982 च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावांत परतले, तेव्हा नदीतली वाळू ट्रकांनी उपसली जात होती आणि विहिरी आटत होत्या. दुष्काळी भागातल्या कष्टकऱ्यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतलं. खर्चासाठी थोडी वाळू गावांनीच विकायची ठरली, शहरांतून विद्यार्थी श्रमदानाला आले. धरणापेक्षाही त्यामागचा करार धाडसी होता: पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा समान हक्क, ज्याच्याकडे जमीन नाही त्याचासुद्धा. आपल्या घामाचं पाणी शेजारच्याच्या उसाला जाणार नाही याची खात्री असली की टिकाव हलका होतो.

2016 नंतरच्या श्रमदानात हे दोन्ही धागे दिसतात. 1972 ला ज्यांनी पोटासाठी दगड फोडले, त्यांची नातवंडं सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर एका पातळीत काढलेले चर, खणत होती. कुठे खणायचं हे प्रशिक्षण घेऊन आलेले गावकरीच आखत होते. खटावमधलं भोसरे 2017 च्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकात आलं, माणमधली टाकेवाडी 2018 ला पहिली.

अडचण पुढे येते. जमिनीत पाणी मुरलं की बोअर वाढतात, ऊस लागतो आणि फेब्रुवारीतच पुन्हा खडखडाट. शिवाय चर गाळाने भरतात, ते कुणीतरी साफ करावे लागतात. बळीराजा धरणाने विचारलेला वाटपाचा प्रश्न त्यामुळे प्रत्येक गावाच्या दारात परत आला. वॉटर कपनंतर आलेली समृद्ध गाव स्पर्धा म्हणूनच नुसत्या खोदाईवर थांबली नाही. पाण्याचा ताळेबंद, गवताळ कुरणं आणि झाडं हेही तिने कामात धरले.