आमदारकीचा फॉर्म भरायचाय? मग कागदं आधी जुळवा

इलेक्शन जवळ आलं की गावागावात इच्छुकांचे बॅनर लागतात, पण फॉर्म कसा भरतात विचारलं तर निम्म्या लोकांना माहीत नसतं. महाराष्ट्र विधानसभेचं सांगतो.

पात्रता म्हणाल तर फार काही नाही. भारताचे नागरिक, छाननीच्या (फॉर्म तपासायच्या) दिवशी वय २५ पूर्ण, आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. म्हणजे मतदार कोल्हापूरचे असाल तरी नाशिकमधून उभं राहता येतं, फक्त यादीतल्या तुमच्या नोंदीची सर्टिफाइड कॉपी जोडावी लागते. शिक्षणाची अट नाही. दोन अपत्यांचा नियम ग्रामपंचायत, झेडपी, महापालिकेला आहे, आमदाराला नाही (का नाही ते त्यांनाच विचारा!). २८८ पैकी २९ जागा एससी आणि २५ एसटीसाठी राखीव आहेत, तिथं जातीचा दाखला पाहिजे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेली असेल तर सुटल्यावर पुढची ६ वर्षं विसरा.

मुख्य फॉर्म म्हणजे नमुना २ब. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक (तुमचं नाव सुचवून फॉर्मवर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला मात्र १० लागतात आणि ते सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार पाहिजेत. इथंच घोळ होतो, मित्र म्हणून सही करतो आणि त्याचं नाव निघतं शेजारच्या मतदारसंघात. म्हणून प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा. सूचक अंगठा लावणार असेल तर त्याला अधिकाऱ्यासमोरच न्यावं लागतं, घरून अंगठा आणून चालत नाही. पक्षवाल्यांचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत ओरिजिनल, शाईच्या सहीनं पोचला पाहिजे, झेरॉक्स दाखवून काही होत नाही.

खरी मेहनत नमुना २६ मध्ये, म्हणजे प्रतिज्ञापत्रात. स्वतःची, बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, पॅन, मागच्या ५ वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न, केसेस, सगळं त्यात येतं आणि ते नोटरी करून द्यायचं. एकही रकाना मोकळा सोडू नका, काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा, कारण आरओंनी (निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी) नोटीस देऊनही रकाना मोकळाच राहिला तर फॉर्म बाद होऊ शकतो, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच हे स्पष्ट केलंय. स्पेलिंगसारख्या किरकोळ चुकीवर सहसा उडवत नाहीत, त्याची एवढी धास्ती नको. केस पेंडिंग असेल तर ती पेपरात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावी लागते, तो खर्चही धरून ठेवा.

डिपॉझिट १०,००० रुपये, एससी-एसटी उमेदवाराला ५,०००, जागा ओपन असली तरी. रोख किंवा चलनानं भरायचं, चेक घेत नाहीत. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर जप्त. एका मतदारसंघात ४ पर्यंत फॉर्म भरता येतात, डिपॉझिट एकदाच, आणि एक बाद झाला तर दुसरा कामी येतो, त्यामुळे एकच फॉर्म देऊन शांत बसण्यात काही शहाणपण नाही.

फॉर्म घ्यायची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, सुट्टीच्या दिवशी नाही. मिरवणूक कितीही मोठी काढा, आरओंच्या दालनात तुमच्यासकट पाचच जण. ऑनलाइन भरला तरी प्रिंट काढून सही करून हातात द्यावाच लागतो. फॉर्म दिल्यावर शपथ घ्यायची असते, ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे, गडबडीत लोक ती न घेताच निघून जातात आणि मग डोक्याला हात!

अजून एक, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं फॉर्म भरायच्या किमान एक दिवस आधी काढा. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा, पडलेल्यांनी सुद्धा, कारण तो दिला नाही तर आयोग ३ वर्षं अपात्र ठरवू शकतो.