पन्नाशीनंतरची त्वचा आणि उन्हाचा हिशेब

पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीने एका हाताचा पंजा दुसऱ्या दंडाच्या आतल्या बाजूवर ठेवून पाहावा. दोन्ही ठिकाणची त्वचा एकाच वयाची, तरी दंडाची बहुधा एकरंगी आणि मऊसूत असते, तर पंजाच्या पाठीवर डाग आणि खरखरीतपणा दिसतो. हा फरक मुख्यतः उन्हाने पाडलेला असतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले होते, २८ वर्षे ट्रक चालवलेल्या या गृहस्थाच्या खिडकीकडच्या गालावर खोल वळ्या पडल्या होत्या, दुसरा गाल मात्र बराच सपाट होता. अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीए’ किरण साध्या काचेतून आत येतात आणि त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोहोचून तिला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची मोडतोड करतात.

म्हणूनच प्रौढ त्वचेच्या दिनक्रमात सनस्क्रीनला पहिला मान द्यावा, भारी सीरमचा विचार नंतर करावा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मनाला येईल तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या तुलनेत रोज नेमाने लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळले. (त्याच चाचणीत दिलेल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांचा असा काही एकंदर गुण दिसला नाही.) यूव्हीएपासूनही संरक्षण देणारे, किमान एसपीएफ (उन्हाने त्वचा भाजण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) ३० असलेले सनस्क्रीन घ्यावे आणि हात आखडता न घेता चेहरा, मान व कान यांना लावावे, कारण पातळ थराने छापील संरक्षण मिळत नाही.

वयाबरोबर त्वचेतील तेल घटते आणि वरच्या थरातील स्निग्ध द्रव्येही कमी होतात. त्यात निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा साबण अल्कधर्मी. तेव्हा सौम्य क्लेन्झर वापरावे आणि तोंड टिपून कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. कोलॅजेनचे क्रीमही वरवरचा ओलावाच टिकवते, कारण त्याचा रेणू त्वचेत शिरण्याच्या मानाने फार मोठा असतो.

रात्रीसाठी खरोखर भक्कम पुरावा आहे तो रेटिनॉइडचा, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते सांगणाऱ्या द्रव्यांचा. त्यांपैकीच मुरुमांवरचे ट्रेटिनॉइन उन्हाने जून झालेली त्वचाही सुधारते, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले. हे औषध पेशींच्या केंद्रकातील ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) चिकटून नवे कोलॅजेन तयार करायला लावते, मात्र सुरुवातीला त्वचा लाल होते आणि तिचे पापुद्रे निघतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने वाटाण्याएवढेच क्रीम, कोरड्या चेहऱ्यावर, आधी दोन-तीन रात्रींआड लावावे. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. बहुतेकांची ट्यूब त्याआधीच कपाटात मागे सरकलेली असते.